त्याच्या पट्टीत

माझी पणजी ऑर्फा, ऑर्फाची मुलगी डेल्फी, डेल्फीची मुलगी आयसी, आणि आयसीची मी, ओलेटा हॅचर. कंबरलंडच्या पठारावरच्या आमच्या चर्चमध्ये वाद्य नव्हते. त्या जुन्या पंथात देवापुढे वाद्य वाजवणे पाप समजत. म्हणून प्रत्येक भजनाआधी कोणीतरी उभे राहून पट्टी द्यावी लागे, कशाच्याही आधाराशिवाय, नुसत्या हवेतून. हा मान खरे तर पुरुषांचा. पण पणजीच्या काळात पुरुषांचे घसे खाणीतल्या कोळशाने गेले होते, आणि एका रविवारी वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसली असताना ऑर्फा उठली आणि तिने सूर लावला. तो उंच होता. तिच्या गळ्याला तो सोयीचा होता. इतर गळ्यांचा विचार तिने केला नाही. तेव्हापासून पट्टी आमच्या घरातून जाऊ लागली. ज्यांना ती पोहोचे ते गात, ज्यांना पोहोचत नसे ते भजनाचे पुस्तक उघडे धरून उभे राहत. एकदा पाद्र्यांनी माझ्या आईला सुचवून पाहिले की अर्धा सूर खाली घेतला तर म्हाताऱ्यांना दम लागणार नाही. आई म्हणाली, "म्हाताऱ्यांनी बसून ऐकावं." मी नऊ वर्षांची होते. त्या उत्तराचा मला इतका अभिमान वाटला की घरी परतताना चिखलात उमटलेल्या आईच्या पावलांवर नेमके पाऊल ठेवत मी चालले.

मार्चमधल्या त्या मंगळवारी मी नॅशव्हिलमध्ये कंपनीच्या कचेरीत गेले ती केवळ एका कागदावर सही करण्यासाठी. माझी आणि हॉइट रँकिनची जी तबकडी एकाहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही केली, 'दाराच्या दोन बाजू', ती पुन्हा काढायची होती. दहा युगुलगीते, प्रत्येकात एक नवरा आणि एक बायको, बंद दाराच्या आत-बाहेर भांडणारी किंवा समेट करणारी. मला गाडीतून नेण्याचे काम माझ्या मुलीचे, डॉनाचे. ती साठीला आली आहे, पण गाडी कोठे लावावी हे अजून मला सांगावे लागते. कचेरीतले जेराल्ड नावाचे गृहस्थ केस पिकलेले, अदबशीर, मला 'मिस ओलेटा' म्हणणारे. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि म्हणाले की तळघरातल्या फितींमध्ये एक वस्तू सापडली आहे, ती मी आधी ऐकावी. मी म्हटले, ऐकवा.

आधी खुर्च्यांचा आवाज, कोणाची तरी खोकल्याची उबळ. मग लँडिस, आमचे ध्वनिमुद्रण सांभाळणारे, चौदा वर्षांपूर्वी वारलेले, त्यांचा कंटाळलेला आवाज: पहिले गाणे, पहिली खेप. मग गिटार. आणि मग हॉइट. चारच ओळी. मी हॉइटबरोबर सात वर्षे, वर्षाला दोनशेहून अधिक कार्यक्रम गायले आहे. त्याचा आवाज मला माझ्या नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त पाठ होता असे मी समजत होते. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो रुंद होता. त्यात घाई नव्हती. शेतावरून परतलेला माणूस ओसरीवर बूट काढताना स्वतःशी बोलतो, तसा तो शब्द खाली ठेवत होता, आणि प्रत्येक शब्दाच्या मागे अजून पुष्कळ जागा शिल्लक होती. पट्टी पांढरी दोन. मी बोटांनी मांडीवर ती ओळखली. पाचव्या ओळीला मी यायला हवे होते. मी आले ती अशी: "थांबवा. मी तळघरात उतरून गाणार नाही. पांढरी चार घ्या." वादकांपैकी कोणीतरी हसले. लँडिसनी विचारले, "हॉइट, जमेल का रे?" फितीची खरखर. मग हॉइट म्हणाला, "घ्या वर. हॅचरबाई म्हणतात तसं." पुन्हा हशा. आणि फीत संपली.

जेराल्ड आनंदाने माझ्याकडे पाहत होते. असे तुकडे लोकांना फार आवडतात, ते सांगत होते. तबकडीच्या शेवटी अकरावे गाणे म्हणून हे घालता येईल. मग माझा चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला. तुम्हाला नको असेल, मिस ओलेटा, तर तुमचे वाक्य कापता येईल. हॉइटच्या चार ओळी ठेवू, बाकी कापू. कोणाला कळणारही नाही. मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. सहीचा कागद पर्समध्ये घातला. माझे हात स्थिर होते. माझे हात नेहमीच स्थिर असतात.

गाडीत डॉनाने दोनदा विचारले, काय झाले. मी तिला रस्त्याकडे बघायला सांगितले. म्युझिक रो या ध्वनिमुद्रणाच्या गल्लीतली जुनी घरे, ज्यांच्या पुढच्या खोल्यांत आम्ही गायलो, ती एकेक करून गेली आहेत. त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्या काचांत आमची गाडी वाकडी होऊन सरकत होती. मला ते माझे वाक्य आठवत नव्हते. यातच खरी धास्ती होती. मी खोटे बोलणारी बाई नाही. निदान मला तसे वाटत आले. पन्नास वर्षे ज्याने कोणी विचारले त्याला मी सांगितले की ती पट्टी हॉइटनेच निवडली, त्यालाच उंच गाण्याची हौस होती. आणि त्याचा आवाज गेला तेव्हा वर्तमानपत्राच्या माणसाला मी सांगितले की ती व्हिस्की. तो पीत होता, सगळेच पीत होते. मी सांगितले ते छापून आले, आणि छापून आल्यावर मीही ते छापलेले म्हणून वाचले आणि माझा त्यावर विश्वास बसला.

आमच्या धंद्यात वादक स्वरलेखन करत नाहीत. कागदावर मूळ सुरापासून मोजलेले आकडे असतात, एक, चार, पाच, पुन्हा एक. आणि आकड्यांना पट्टी नसते. गायिका म्हणाली वर, तर वादक तोच कागद समोर ठेवून वर जातात, एक अक्षर खोडावे लागत नाही. नव्या माणसांना या सोयीचे फार कौतुक वाटते. त्या दिवशी पट्टी बदलायला चार सेकंद लागले असतील. काही खोडून पुन्हा लिहावे लागले असते, कोणाला पेन्सिल शोधावी लागली असती, तर तेवढ्या वेळात कोणीतरी हॉइटकडे पाहिले असते. गिटारला काही झाले नाही, पियानोला काही झाले नाही. जे काही झाले ते एकाच्या घशाला झाले, आणि घसा कागदावर नव्हता.

आणि ते विकले गेले, हे मी कसे नाकारू. लोक वेडे झाले. त्यांनी आम्हाला नवरा-बायको समजून रजया शिवून पाठवल्या, लोणच्याच्या बरण्या पाठवल्या. हॉइटची बायको मॉरीन हसत त्या बरण्या माझ्या नवऱ्याबरोबर वाटून घेई. माझा नवरा व्हर्नन आमची बस चालवत असे, आणि बस चालवणाऱ्या माणसाला गाण्याबद्दल मत नसते, निदान माझ्यासमोर नव्हते. एकच मायक्रोफोन, आम्ही दोघे समोरासमोर, एक वीत अंतर. कडव्याच्या शेवटी हॉइट वर चढू लागला की त्याच्या मानेवरची शीर दोरीसारखी फुगे आणि पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढत. मोठ्या शहरातल्या एका समीक्षकाने लिहिले की रँकिनच्या आवाजात फाटलेल्या संसाराचे दुःख आहे. ते कात्रण मी बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. हॉइट गरम पाण्यात मध ढवळत होता. ते दुःख नव्हते, तो घसा होता. मला एक वीत अंतरावरून ते दिसत होते, आणि मी तिकडे कलाकाराच्या नजरेने पाहत होते: परिणाम चांगला होत होता.

पट्टीबद्दल त्याने एकदा विचारले. एकदाच. ओक्लाहोमातल्या कोठल्याशा रस्त्यालगतच्या खाणावळीत, दुपारी, समोर मक्याची भाकरी आणि शेंगांची उसळ. घोगऱ्या आवाजात, थट्टेच्या सुरात, कारण थट्टेशिवाय माझ्याशी बोलण्याची कोणाची पद्धतच नव्हती. म्हणाला, "हॅचरबाई, एखाद्या दिवशी माझ्या अंगणातही गाऊन बघा की. कुत्रा बांधून ठेवतो." मी म्हटले लोकांनी तबकडी ऐकून तिकिटे काढली आहेत, त्यांना तबकडीसारखेच मिळाले पाहिजे. हे खरे होते. पण त्यामागे आणखी एक खरे होते, ते मी भाकरीबरोबर गिळले. पांढरी दोनमध्ये माझा आवाज खाली उतरला की तो बाईचा राहत नसे. तो जाडसर, खरखरीत होई, शिवारात गुरे हाकणाऱ्या माणसासारखा. माझ्या आईने तो एकदा ऐकला होता आणि एवढेच म्हणाली होती की त्या जागेला आपल्या घरातली बाई जात नाही. त्या आवाजात मला कोणी ऐकू नये म्हणून मी एका माणसाला सात वर्षे पायाच्या बोटांवर उभे ठेवले.

अठ्ठ्याहत्तरच्या सप्टेंबरात, नॉक्सव्हिलच्या जत्रेत, दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात हॉइटचा आवाज गेला. बसला नाही, गेला. त्याचे तोंड उघडे होते आणि त्यातून काही येत नव्हते. मी त्याच्या ओळीही गायले, माझ्या ओळीही गायले, दाराच्या दोन्ही बाजू मीच झाले. सहा हजार माणसे उभी राहिली. मी ते औदार्य समजत होते. टाळ्या संपेपर्यंत हॉइट तेथेच उभा राहिला, हॅट हातात घेऊन, आणि मग मागच्या पायऱ्यांनी उतरला. गॅलटिनला त्याने जनावरांच्या खाद्याचे दुकान काढले. व्हिस्कीबद्दल मी जे बोलले ते त्याने वाचले असणारच. त्याने कोणालाही, कधीही, काही उत्तर दिले नाही.

घरी आल्यावर तीन दिवस मी तो कागद टेबलावर ठेवला. डॉना रोज संध्याकाळी सूप घेऊन येई आणि कागद कोठे सरकला आहे का ते पाही. चौथ्या दिवशी मी तिला सांगितले, सगळे. ती ऐकत राहिली, मग वाडगा पुसत म्हणाली, "आई, हे बाबांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, पण बहिरी नव्हते." मी विचारले, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तुझ्याशी?" आणि वाडगा कपाटात ठेवला.

ती गेल्यावर मी पियानोपाशी बसले आणि पांढरी दोन दाबून तिच्यापर्यंत उतरू पाहिले. उतरावे लागले नाही. मी तेथेच होते. वयाने मला न सांगता, पायरी पायरी करत तेथे आणून सोडले होते. पांढरी चार आता माझ्या आवाक्यातच नाही, आणि ज्या आवाजाला मी भीत होते तोच आता माझा एकुलता एक आवाज आहे. मनात होते की गॅलटिनला जावे, त्याच्या पट्टीत त्याला गाऊन दाखवावे आणि मोकळे व्हावे. पण जे मला आता फुकट मिळाले होते ते देऊन देणे कसे फिटणार? मग माझ्याकडे काय होते जे मला अजून प्रिय होते? माझे नाव होते. माझा शब्द होता, जो पन्नास वर्षांत कोणी खोडला नव्हता. मी पेन घेतले आणि कागदावर सही केली. खाली लिहिले: माझे वाक्य कापू नये. त्याखाली लिहिले की रँकिन यांचा आवाज मद्याने गेला असे मी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली म्हटले ते खरे नव्हते. तो माझ्या पट्टीने गेला. हे तबकडीच्या पाकिटावर छापावे. माझे अक्षर सुवाच्य आहे. मी ते दोनदा वाचले, आणि पठारावरच्या दफनभूमीत ओळीने झोपलेल्या तिघी माझ्याकडे पाहत आहेत असे मला वाटले. एकीच्याही चेहऱ्यावर रागदेखील नव्हता. त्यांना मी ओळखूच आले नसावे.

शनिवारी दुपारी डॉनाने मला गॅलटिनला नेले. वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत दहा-बारा माणसे चाकांच्या खुर्च्यांत होती, दूरदर्शनवर कोणी केक भाजत होते. हॉइटची मुलगी ट्वायला मला पाहून उभी राहिली, पण बसा म्हणाली नाही. हॉइट खिडकीशी होता. नाकात नळ्या, शेजारी प्राणवायूचे यंत्र, आणि मान इतकी बारीक की सदऱ्याच्या कॉलरमध्ये ती सैल उभी होती. शहाऐंशी. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "हॅचरबाई," तो म्हणाला, आणि एक श्वास घेतला. "तुम्ही... बुटक्या झालात."

मी त्याला कागद वाचून दाखवला. उभ्यानेच, मोठ्याने, कारण त्याला कमी ऐकू येते आणि कारण ते कुजबुजून वाचण्यासारखे नव्हते. केक भाजणारीचा आवाज कोणीतरी बंद केला. वाचून झाल्यावर ट्वायलाने तोंड खिडकीकडे वळवले. तिचे खांदे हलत होते, रागाने की कशाने ते मला दिसले नाही. हॉइट म्हणाला की त्याला हे माहीतच होते, त्याच्याच घशात तर झाले. कागद चांगला आहे, तो म्हणाला. ट्वायलाच्या मुलांसाठी चांगला आहे. मला वाटले झाले. मी कागदाची घडी घातली.

"चार ओळी झाल्या होत्या," तो म्हणाला. "पुढचं राहिलंय."

मी त्याला म्हटले की हॉइट, तुला श्वास नाही. तो म्हणाला, ते माझं मी बघतो, तुम्ही फक्त मला थांबवू नका. आणि त्याने सूर लावला. पांढरी दोनही नव्हती ती. तिच्याही खाली, काळी एकच्या आसपास कोठेतरी, जेथे त्याचा उरलेला श्वास पोहोचत होता तेथे. दोन शब्द, आणि यंत्राची सुस्कारल्यासारखी फुसफुस. दोन शब्द, आणि पुन्हा फुसफुस. माझी ओळ आली. मी ती गायले. माझ्या पिकलेल्या गळ्यालाही ती खालच्या बाजूने टोचली. शेवटच्या स्वराला आवाज फुटला आणि नुसती हवा राहिली, आणि भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीने दुसरीला विचारले की ही तीच का, ती गाणारी. मी ऐकले आणि गात राहिले. पण अवघड ते नव्हते. अवघड होते थांबणे. आयुष्यात मी कधी कोणाच्या श्वासासाठी थांबले नाही. माणसे माझ्यासाठी थांबली. आता प्रत्येक दोन शब्दांनंतर त्याची छाती उठे, अडे, पुन्हा उठे, आणि तोपर्यंत माझी ओळ माझ्या तोंडात तयार, दातांवर येऊन उभी, आणि मला ती धरून ठेवावी लागे. एकदा मला वाटले तो संपला. ट्वायला पुढे झाली. त्याने एक बोट वर केले, ती मागे सरली, मी वाट पाहिली. मग त्याचा पुढचा शब्द आला, बरोबर आपल्या जागी, ठेवल्यासारखा. तबकडीवर जे गाणे पावणेतीन मिनिटांचे आहे ते आम्ही चौदा मिनिटे गायलो. डॉनाने घड्याळ पाहिले होते. तीन कडवी, तिन्ही धृपदे, शेवटची ओळ दोघांची मिळून. ती आम्ही मिळून गायलो. मी त्याच्या मागे राहिले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दूरदर्शनचा आवाज कोणीतरी पुन्हा सुरू केला. हॉइटचे डोळे मिटलेले होते, ओठ निळसर दिसत होते. मी वाकले, माझ्या गुडघ्यांना ते सोपे नव्हते, आणि विचारले, अजून काही राहिले का. त्याने नकारार्थी मान हलवली.

"फिटलं, हॅचरबाई. सगळं फिटलं." आणि मग, माझ्याकडे न पाहता, "ट्वायला, ते केळ्याचं पुडिंग कुठंय? मला भूक लागली."

ट्वायलाने वाटी आणली, त्याच्या गळ्याशी रुमाल खोचला आणि चमचा त्याच्या तोंडाशी नेला. तो मन लावून खात होता. एका चमच्यानंतर दुसरा, त्यांच्यामध्ये श्वास. मी उभी होते. पंचेचाळीस वर्षे या माणसाला मी भेटले नव्हते, आणि त्यात एकदाही असे झाले नव्हते की गॅलटिनची पाटी पाहून माझी मान ताठ झाली नाही. आता तो पुडिंग खात होता आणि मी त्याच्या खिडकीतल्या उजेडात आडवी येत होते. ट्वायलाने अगदी सभ्यपणे विचारले, मॅम, जरा बाजूला होता का. मी बाजूला झाले. माझ्याकडून आता कोणाचेही काही येणे राहिले नव्हते. डॉनाने माझा कोट पुढे केला, आणि मी एक हात घातला, मग दुसरा.